दोन टच

आमच्या कॉलेजला एकच डाव यायचा :
बॉल हणमाला द्या आणि बाजूला व्हा.
हणमा म्हणजे मी.
डाव्या लाईनीला चिकटून मी सुटायचो,
मागनं दहाजण नुसते धावायचे
वरातीमागं पोरं धावतात तसे,
आणि स्टेडियमच्या पायऱ्यांवरनं आबा ओरडायचे,
"ने! ने! देऊ नगंस कुणाला!"

समोर बॅक आला की
अगदी शेवटपर्यंत मलाच ठाऊक नसायचं
आत कापणार की बाहेरनं जाणार.
पाय ठरवायचे, मी नंतर ऐकायचो.
आपटलो तरी पेठेत नाव व्हायचं.

दिवाळीनंतर मुजावर सर आले.
सुटलेलं पोट, पायात साध्या चपला,
हातात फक्कीची बादली.
मैदानावर त्यांनी चौकोन आखले
पोरी जिबली खेळायला आखतात तसे,
आणि म्हणाले, दोन टच.
एक घ्यायला, एक द्यायला.
तिसऱ्याला शिट्टी.
"बॉलला धाप लागत नाही, हणमंत.
त्याला पळू दे की जरा."

पहिल्या आठवड्यात बहुतेक शिट्ट्या माझ्याच.
झोपेतसुद्धा ऐकू यायची.
इर्शाद अत्तार, जो वर्षभर माझ्या मागं
रिकामा पळत होता, तो आता ओरडायचा, "इकडं!"
त्याचा आवाज इतका जाड आहे
हे मला तेव्हा कळलं.

पहिली मॅच तीन-शून्यनं घालवली.
दुसरी दोन-शून्यनं.
तिसरीत आम्हीच आमच्या गोलीला पास दिला
आणि तो बुटाची नाडी बांधत होता.
"आरं बॉल हाय का प्रसाद, वाटत सुटलाय!"
सगळा स्टँड हसला.
आबा हाफटाइमलाच उठून गेले.

त्याच आठवड्यात उद्यमनगरात डबा द्यायला गेलो
तर ओतायची वेळ झालेली.
लोखंड लाल नव्हतंच, पांढरं होतं.
पळीचा दांडा दोघांनी धरलेला, आबा पुढं,
साच्यामागून साचा,
कुणी कुणाकडं न बघता,
पलीकडचा माणूस पोचायच्या आधीच
त्याच्यापुरती जागा सोडलेली.
थांबलं तर तिथंच घट्ट होतं ते.
मी डबा खुंटीला अडकवला आणि आलो.
घरी यावर कधी बोललो नाही.
ते तरी काय बोलणार होते?

चौथ्या मॅचला ऊन तिरपं,
एक-एक, सात मिनिटं उरलेली.
डाव्या लाईनीला बॉल माझ्या पायात,
समोर दोघे, आणि त्यांच्यामधे
माझ्या ओळखीची ती बारीक फट.
पाय तयार होते. पायऱ्या तयार होत्या.
"ने!" हे मी ऐकलंसुद्धा,
आबांचं की दुसऱ्या कुणाचं, देव जाणे.
मी बॉल तिथं दिला जिथं कुणीच नव्हतं.
रिकामं गवत. फक्कीची पुसट रेघ.
क्षणभर वाटलं, गेलं, संपलं,
आता शिव्या,
आणि मग त्या रिकाम्या जागेत
इर्शाद येऊन पोचला.

पेपरात त्याचं नाव आलं. माझं नाही.
आईनं तरी कात्रण कापून ठेवलं,
कुठल्या डब्यात, ते सांगत नाही.
मुजावर सरांनी सोमवारी पुन्हा फक्की मारली,
चौकोन आणखी लहान केले.

एक मात्र सांगतो, कुणाला बोलू नका.
रात्री साडेअकराला, गल्ली निजल्यावर,
मी बॉल घेऊन निघतो.
उभ्या स्कूटरी, पाण्याचा ड्रम, जाधवांचं लंगडं कुत्रं,
एकेकाला कट मारत कोपऱ्यापर्यंत जातो,
तीन टच, नऊ टच, मोजत नाही.
कोपऱ्यावर पोचलो की थांबतो
आणि सवयीनं
बाजूला बघतो.