आकसण्याची सूट

शिरोलीच्या फाउंड्रीत चौदा वर्षं
कंत्राटी माणसांच्या गेटपासवर माझी सही असायची.
पिवळा पास, तीन महिन्यांचा,
मागं अंगठ्याचा ठसा, त्यातही काळी वाळू.
चेहरा बघितला न बघितला,
सही मारली, पुढचा.

आता शाहूपुरीत, काचेच्या दारापाशी
दस्तगीर माझं कार्ड उलटंपालटं करून बघतो.
"मॅडम, तुमची दोरी राखाडी.
निळी म्हंजे पर्मनंट."
अकरा महिन्यांचा करार,
तीस दिवसांच्या सूचनेवर दोन्ही बाजू मोकळ्या.
दोन्ही बाजू, असं लिहिलंय खरं.

मुलाखतीत श्रेयांस मगदूमनं विचारलं,
असेल सव्वीसचा, मनगटावरचं घड्याळ फिरवत,
"फायनान्सचा काही अनुभव?"
म्हटलं, सात तारखेचा पगार बारा तारखेला का,
हे चारशे माणसांना उभ्यानं समजावलंय.
तो हसला नाही. टाइप करून घेतलं काहीतरी.

शॉपवर मी "आलो", "गेलो", "बघतो की" म्हणायची,
आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी.
पुण्याच्या कॉलवर आता "येते", "बघते",
जिभेला जरा नवी चप्पल चावते तसं होतं.
ड्यू, ओव्हरड्यू, राइट-ऑफ
हे शब्द मात्र लगेच बसले.
तापलेल्या लोखंडापेक्षा थंड आहेत, एवढंच.
हात लावला तर भाजत नाही,
म्हणून जास्त जपायला हवं, हे उशिरा कळलं.

काम असं:
कर्ज द्यायचं की नाही, हे आता सॉफ्टवेअर ठरवणार.
नियम त्यांचे, तारखा माझ्या.
शनिवारी रात्री चाचणी. बाहेर भडंगाच्या पुड्या,
आत आम्ही तिघं आणि एसीची घरघर.
खोटा कर्जदार हवा होता.
हुक्केरीबाई म्हणाल्या (मार्चला रिटायर होतायत,
खातेनंबर त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांसारखे पाठ),
"खोटं कशाला? तुमचंच नाव घाला की."

घातलं.
शैलजा आप्पासो चौगले. वय बेचाळीस.
स्कूटरसाठी नव्वद हजार.
नोकरीचं स्वरूप: कंत्राटी.

स्क्रीननं विचार केला नाही फार.
लाल.

श्रेयांस म्हणाला, "परफेक्ट! रूल चालतोय."
मीही मान हलवली. चालत होताच.
हिरव्या खुणेचं खानं मीच भरलं,
चाचणी क्रमांक सतरा, यशस्वी.

मग का कोण जाणे लियाकत मिस्त्री आठवले.
लाकडाचा पॅटर्न करताना त्यांची पट्टी वेगळी असायची,
साध्या पट्टीपेक्षा किंचित लांब.
"फुटाला एक सूत जास्त धरायचं, बाई.
लोखंड थंड होताना आकसतंय.
त्यात त्याची चूक न्हाई.
सूट न्हाई ठेवली तर माल रिजेक्ट,
आन् शिव्या लोखंडाला."

सोमवारी नियमात बदलाची विनंती टाकली.
कारणाच्या चौकोनात, आधी खोडून, परत लिहिलं:
कंत्राटी असल्यास, फुटाला एक सूत.

श्रेयांसचा मेल आला,
सूत हे कुठलं युनिट? टक्के की बेसिस पॉइंट?

उत्तर अजून दिलेलं नाही.
हुक्केरीबाईंनी डब्यातली अर्धी भाकरी पुढं सरकवली,
म्हणाल्या, "मार्चच्या आत द्या म्हंजे झालं,
मी असेपर्यंत."
मी कॅलेंडर उघडलं.
त्यांचे चार महिने.
माझे सात, आणि एकोणीस दिवस.
जिन्यात कुणीतरी नवा पोरगा
राखाडी दोरी गळ्यात घालून
फोटो काढत होता, घरी पाठवायला.
त्याचा चेहरा मी नीट बघितला.