पत्र्यावरचा मासा

तांडापेठेत आमच्या मोरीच्या छपराला
एक चौकोनी ठिगळ आहे,
तेलाचा डबा फोडून, ठोकून सपाट केलेला.
शिडी लावून जवळून पाहिलं तर अजून दिसते
निळी शेपटी,
आणि कुठल्याशा गावाच्या नावाची पहिली तीन अक्षरं.
पुढची गंजानं खाल्ली.

कवडूजी निखारे, माझ्या बापाचे मामा,
मिलमध्ये तेलवाले होते.
चात्यांना तेल पाजायचं, एवढंच काम,
एकतीस वर्षं.
म्हणायचे, "जवसाचं चिकटते बे, फल्लीचं जळते.
हे मासोळीचं तेल कसं,
थंडीत गोठे ना, उन्हात धुपे ना.
वास मात्र असा का
बायको जेवाले जवळ बसे ना."
मासोळी म्हणत ते,
घराएवढ्या जनावराला.
त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी अंबाझरीचं.

मी ते गाव शोधलं नाही.
तीन अक्षरांवर जेवढं उभं राहील तेवढंच उभं केलं:
दगडी उतार, त्यावर जाडजूड दोर,
चरबीच्या कढया, रात्रंदिवस रटरटणाऱ्या,
जबड्याच्या हाडांची कमान,
तिच्याखालून नवरानवरी चर्चकडे जाताना.
बायका धक्क्यावर शिडं मोजत.
गेली नऊ.
आली आठ.
नववीचं नाव त्या संध्याकाळी कोणी घेतलं नसेल.

आणि एक पोरगा,
डब्याच्या झाकणाला डाख देणारा.
डबा कुठं जातो हे त्यानं विचारलं नाही.
इकडं कवडूजींनी विचारलं होतं एकदा,
जॉबरला, जेवणाच्या सुट्टीत,
"एका मासोळीत कितीक डबे निंगत असन?"
जॉबर हसला. म्हणाला, "तुले का विकत घ्याची हाय?"

मग जमिनीतून तेल निघालं.
मासे तर आधीच संपत आले होते.
होड्या उलट्या पडल्या, त्यांत कोंबड्या बसू लागल्या,
पोरं शहरात गेली,
कमान उरली, फोटो काढण्यापुरती.
हे मी रचलेलं नाही म्हणायला जीभ रेटत नाही,
पण मिलचं मी पाहिलंय:
भोंगा थांबला त्यानंतरही कित्येक महिने
पावणेसहाला अख्खी गल्ली उठून बसायची
आणि काय करावं ते कोणाला सुचायचं नाही.
कवडूजी हात हुंगायचे.
साबणानं, राखेनं, लिंबानं धुतलेले हात.
"अजून येते," म्हणायचे,
तक्रार केल्यासारखं नाही.

किती धोतरं निघाली त्या चात्यांवरून,
किती लग्नाची, किती मढ्यावर घालायची.
प्रत्येक धाग्यात थोडं थोडं
कोणाच्या तरी समुद्रातलं घसरणं.
ते कापड घातलेल्या कोणालाही
मिठाची चव लागली नसेल.

नवतपात तो पत्रा दिवसभर तापतो,
अंडं फोडलं तर शिजेल असा.
रात्री अकराच्या सुमाराला निवतो.
टक्.
बऱ्याच वेळानं पुन्हा टक्.
मी पडल्या पडल्या मोजतो.
आठच्या पुढे कधी गेलो नाही, झोप लागते.

यंदा स्लॅब टाकायचा आहे.
मिस्त्री शिडीवरून ओरडून विचारतो,
हा तुकडा ठेवायचा का भंगारात.
बारा रुपये येतील म्हणतो, फार तर पंधरा.
मी खाली उभा, डोळ्यांवर हात धरून.
इथून शेपटी दिसत नाही.