हजेरी

ओस्ट्रावात, सहाव्या मजल्यावर,
बोहुमिरनं पाण्याची खाण मांडलीय.
दोनशे चाळीस लिटर. तळाला मऊ वाळू,
धारदार खडी नको, मिशा झिजतात.
मधोमध काळं मूळ, त्याला बिलगलेलं जावाचं नेचं,
मागं क्रिप्टोकोरिनची तपकिरी दाटी
आणि वर तरंगती पानं, उजेड अडवायला.
"खाली राबणाऱ्यांना फार उजेड मानवत नाही,"
असं म्हणून तो एकतीस वर्षं कोळशात गेलेले डोळे
बारीक करतो.

वरवर पोहणारे मासे त्यानं आणलेच नाहीत.
सगळं तळाचं बिऱ्हाड.

विदूषक लोच पाच, त्यांचं मूळ गाव बोर्निओ.
नारिंगी अंगावर तीन काळे पट्टे.
थोरला कोण याचा निकाल लागेपर्यंत
दोघांचा रंग उतरतो, राख फासल्यासारखा,
मग एक जण मागं सरतो
आणि पट्टे पुन्हा अंगावर येतात.
डोळ्याखाली मिटलेला काटा असतो,
म्हणून जाळी नाही, भांड्यानं उचलायचं.
जेवताना टक् टक् वाजतात.
आधी त्याला वाटलं, हीटर गेला.

पहिल्याच आठवड्यात त्यातला एक आडवा पडलेला दिसला.
बोहुमिरनं टोपी काढली, द्रहोमीराला हाक मारली.
ती येईतो मेलेला उठून काकडीकडे निघाला होता.
"तुझ्यासारखाच झोपतो," ती म्हणाली,
"माणसाचा जीव टांगणीला लावून."

काकडी खालच्या दुकानातून, थुयकडून.
ती एकदा वर आली, काचेला नाक लावून बघत राहिली.
"आमच्या गावी यांच्या भावंडांना
हळद घालून शिजवतात. मंद आचेवर, तासभर."
बोहुमिरनं काचेवर वर्तमानपत्र धरलं.
तिघंही हसली. पाच लोच मात्र मुळाखाली गेले.

बाल्कनीत दुसरी पेटी आहे, बिनहीटरची.
तिच्यात एकटा हवामान-मासा,
मेहुण्याच्या तळ्यातला, चौदा वर्षांचा म्हातारा.
तोही लोचच, पण त्याला सव्वीस अंश सोसत नाहीत.
भाऊबंद झाले म्हणून
सगळ्यांना एकच पाणी चालतं असं नाही.
हवेचा दाब उतरला की तो वेडापिसा होतो,
काचेवर आपटतो, तळ ढवळून काढतो.
अशा रात्री बोहुमिर तीनला उठतो
आणि अंधारात बूट शोधतो.
दाब उतरला की जुन्या पोकळ्यांतून वायू सुटायचा.
हे सांगायला आता खाली कुणी नाही,
शाफ्ट काँक्रीटनं बुजवलेत,
तरी पाय बूट शोधतात.

राहिले कुहली.
बुटाच्या नाडीएवढे, काळ्या-पिवळ्या कड्यांचे,
दिवसभर मातीच्या नळीत एकमेकांत गुंतलेले.
पिशवीतून आणले तेव्हा सात होते.
त्यानंतर सात कधी दिसलेच नाहीत.
चार दिसतात, कधी पाच,
कधी एक शेपूट, बाकीचा हिशेब झाडांत.
रोज संध्याकाळी तो मोजतो.
द्रहोमीरा त्याला मोजू देते.
तिला तो फळा ठाऊक आहे,
पाळी संपली की पितळी बिल्ले ज्याच्या खिळ्यांवर यायचे,
आणि चारशे बारा नंबरचा खिळाही,
यान्चुराचा,
जो सकाळपर्यंत रिकामाच राहिला.

मेमध्ये नेचं फार माजलं.
छाटायला म्हणून त्यानं मूळ उचललं,
आणि गढूळ पाण्यात सगळे एकदम बाहेर सुटले.
त्यानं हातातली कात्री टेकवली.
पाच. सहा. तो सातवा.
आणि मागून एक, काडेपेटीतल्या काडीहून बारीक,
कडी नुकतीच उमटलेली.
पुन्हा मोजलं. गढूळ बसू दिलं, पुन्हा मोजलं.

मग मूळ होतं तसं ठेवलं,
हात पुसले, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.
"सात उतरले होते," म्हणाला, "आठ आहेत."
द्रहोमीरा बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला.
"बरं," ती जरा वेळानं म्हणाली,
"उद्या काकडी मोठी आण."

बाल्कनीतला म्हातारा त्या रात्री गप्प होता.
पहाटे गारा पडल्या.