राणीसाहेबांची बाही

कापडपेठेतल्या माझ्या दुकानात
निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे.
तिच्यात नेरवाडीच्या राणीसाहेबांची मापं,
सत्तावीस वर्षांची.

संस्थान त्यांच्या जन्माआधीच विलीन झालं,
तनखा गेला तेव्हा त्या बालवाडीत होत्या,
तरी फीत कापायची म्हटलं
की सांगलीला राणीसाहेबच लागतात.

हळदीच्या सौद्यांना गर्द निळी,
पिवळ्या ढिगापुढं दुसरं काही उठून दिसत नाही.
पतसंस्थेला फिकी शिफॉन, मोत्यांचा एकच सर.
शाळेत सुती, मुलं मांडीवर चढतात.
कृष्णेच्या घाटावर वारं फार,
म्हणून पदराच्या काठात मी
तांब्याचे जुने पैसे शिवून टाकले, सहा.
फोटो बघून लोक म्हणतात, पदर कसा शिस्तीत!
त्या शिस्तीची किंमत सहा पैसे.

एकदा एकच साडी तीन समारंभांना नेसल्या,
तर पेपरात आलं, ‘राणीसाहेबांचा साधेपणा’.
मुमताज, माझ्याकडं काजं करते ती, म्हणाली,
मी एकच तीन वर्षं नेसते, माझा फोटो कुठाय?
हे राणीसाहेबांना सांगितलं. पोट धरून हसल्या.
मुमताजला साडीबिडी पाठवली नाही.
बरं झालं.

मग एका दसऱ्याला
त्यांची गाडी ब्लाउज घेऊन आली नाही,
मला न्यायला आली.
मिरजेला, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
त्यांनी स्वतः कडी लावली.
माप घ्या, म्हणाल्या.
टेप गळ्यातच होता, हात उचलेना.
‘मालनबाई, तुम्हाला कापड कळतं.
कापडासारखं बघा.’

बघितलं.
वहीत डावीकडं काय लिहावं सुचेना,
रेघ मारली.
डावा दंड सुजलेला, उजव्याहून दीड इंच जास्त.
म्हणून बाही मनगटापर्यंत,
डावी आतून सैल, बाहेरून सारखी.
गळा बंद.
आत कापसाची गादी केली,
तीनदा उसवली, वजनच जमेना,
पदर डावीकडं उडाल्यासारखा दिसायचा.
शेवटी मूठभर राळे भरले.
आरशापुढं उभ्या राहिल्या,
हळूच वाकून बघितलं, सरळ झाल्या.
‘जमलं,’ एवढंच.

सूतगिरणीच्या समारंभात जांभळी साडी, ती बाही.
दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धं पान:
‘राणीसाहेबांनी परत आणली आजीच्या काळातली फॅशन.’
संक्रांतीपर्यंत माझ्या पायरीवर रांग.
विश्रामबागच्या डॉक्टरीणबाई,
अडत्यांच्या सुना, तीन मुख्याध्यापिका.
मे महिन्याच्या लग्नांत, पत्र्याच्या मांडवात
सगळ्या मनगटापर्यंत झाकलेल्या,
घामानं निथळत, झोकात.
मी शिवत राहिले.
शिलाई शंभरानं वाढवली, तेही कबूल करते.
राणीसाहेबांना सुचलं तरी कसं हे?
म्हटलं, मोठ्या माणसांचं डोकं,
आपण काय सांगणार.

आषाढात बुधगावची एक बाई आली.
पिशवीतून पेपराचं कात्रण काढलं,
चार घड्यांचं, घडीवर फाटलेलं.
बाही अशीच पाहिजे, म्हणाली.
मग कात्रणाकडंच बघत,
‘डावी तेवढी जरा ढिली ठेवा.’

मशीन थांबलं. मुमताजनं मान वर केली.
मी दार लोटून घेतलं,
वहीचं कोरं पान काढलं
आणि बाईंचं नाव विचारलं.

राळे संपले होते.
मुमताजला किराण्यात पाठवलं.
किती आणू? तिनं उंबऱ्यावरून विचारलं.
अर्धा किलो आण, म्हटलं.
राहू देत शिल्लक.