ना हरकत

कुणाचा पाय पायावर पडला की आपण म्हणतो,
हरकत नाही.
आमच्या कांदळवन कक्षातून तेच वाक्य
तीन प्रतींत निघतं, गोल शिक्क्यासह.

जागेची पाहणी दुपारी पावणेदोनला ठरली,
म्हणजे ऐन भरतीत.
सल्लागाराचे बूट नवे होते,
बांधावरूनच म्हणाला, 'विरळ आहे.'

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी एकटा गेलो,
हसुरामच्या होडीतून, घणसोलीच्या खाडीत.
मांडीभर चिखल, तांबड्या रंगाचा डबा,
तिवराच्या खोडाखोडावर आकडे.
चारशे बाराव्या झाडावर एक चिंबोरी
ओल्या रंगावरून चढली
आणि आकड्याचा शेपटा ओढत वर घेऊन गेली.

हसुराम विडी विझवत म्हणाला,
'झारां मोजलास सायेब, आता पानी पन मोज.'
मी हसलो.
विहित नमुन्यात पाण्याचा रकाना नाही.

माझा आकडा होता अकराशे सदतीस.
वर चढता चढता दमला असावा,
मोठ्या टेबलावर पोचला तेव्हा
चारशे नव्वद उरला होता.
खालची निळी सही मात्र माझीच.

साहेब वाईट नाहीत.
रात्री साडेआठपर्यंत बसून
सतरा अटी घातल्या त्यांनी.
भरतीच्या प्रवाहास अडथळा होणार नाही
याची दक्षता घेण्यात यावी.
रोहित पक्ष्यांच्या मुक्कामात
काम थांबवण्यात यावे.
एकास दहा झाडे लावण्यात यावीत.
सतरा वाक्यं, आणि
एकालाही कर्ता नाही.

लागवडीला जागा मिळाली मुरबाडच्या पुढे,
डोंगराच्या पायथ्याशी.
तिथे खारं काही असेलच
तर खड्डे खणणाऱ्यांचा घाम.

मग यंत्रं आली.
चारशे नव्वद झाडं परवानगीने पडली.
बाकीची सहाशे सत्तेचाळीस
कागदावर नव्हतीच,
त्यांना परवानगी कशाला?

परवाच्या उधाणाला
खाडी हसुरामच्या ओटीवर चढली.
सकाळी निरोप आला म्हणून गेलो.
बायको सुपातले भिजलेले बोंबील निवडत होती,
वर बघितलंही नाही तिने.
हसुरामने भिंतीवर आडवी रेघ मारली होती,
तांबडी.
उरलेला डबा मीच त्याला दिला होता,
होडी रंगवायला.

'मोजला, सायेब,' तो म्हणाला,
'दोन वीत, चार बोटा.
लिव.'