एकोणीस मोटरी

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी.
कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला,
व्हॉल्व्हवाल्या रेवणसिद्धची सायकल वळेल तेव्हा.

अम्मा सूप मांडीवर घेऊन जागी.
पान कातरते, जर्दा भरते, दोरा गुंडाळते,
एक कान नळाकडे.
तासाला शंभर वळते ती.
नळापाशी दोन तास गेले
की आठ कट्टे गेले.
पाणीपट्टीच्या पावतीवर हा आकडा नसतो.

मग सादूलांनी मोटर बसवली,
जुन्या चादरीखाली झाकून.
आवाज काही झाकला नाही.
त्यांची टाकी भरली, आमचा नळ नुसता खोकला.
मग आम्ही बसवली, भिशी उचलून.
मग गज्जम, मग शेख, मग कोनेचा चढावरचा म्हेत्रे.
एकोणीस घरं, एकोणीस मोटरी,
आणि पाणी?
पहिल्याइतकंच.
वर विजेचं बिल.

वेडं कुणीच नव्हतं.
ज्याचं त्याचं गणित बरोबर होतं,
गल्लीची बेरीज तेवढी चुकली.

मार्कंडेयाच्या पायरीवर मीटिंग झाली.
सगळ्यांनी काढायच्या, ठरलं.
आधी कोणी?
तेलुगूत, कन्नडात, दखनीत, मराठीत
हा एकच प्रश्न फिरला,
आणि पलीकडे मागांची खटक-खटक.

नगरसेवक आले. म्हणाले,
चौकात कमान मंजूर करून आणलीय.
अम्मानं विचारलं, पाइप का नाही आणला?
ते हसले.
पाइप मातीखाली जातो, अक्का,
त्याच्यावर नाव कुठं कोरायचं?
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या. का, ते अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अम्मानं मोटर सोडवली
आणि बिडीच्या दोऱ्यानं दारावर टांगली,
येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागेल अशी.
पुण्य म्हणून नव्हे हं.
बिल, हप्ता आणि गेलेले कट्टे
तिनं बोटांवर मोजले होते.
बाकी अठरा घरांचं
तिला मोजता येत नव्हतं,
तेवढं तिनं दारावर सोडलं.

पाचव्या रात्री पाणी आलं.
अंधारात आम्ही मोटरी ऐकल्या, एकेक करून.
अकरा.
पुन्हा मोजल्या. अकराच.

नळाखाली हात धरून मी ओरडलो,
धार करंगळीएवढी झाली गं!

"अंगठ्याएवढी झाली की सांग,"
अम्मा म्हणाली,
आणि तिनं सूप पुढं ओढलं.