तीन त्रिक नऊ

बुधवारी रात्री, डुलुथमध्ये, उणे बावीस अंशांत,
ऑरिनच्या हार्डवेअर दुकानाच्या तळघरात
रंगाच्या डब्यांच्या वासात
आम्ही मोडक्या पिंगपाँग टेबलाभोवती बसतो
आणि दुसरंच कोणीतरी होतो.

दिवसा मी शाळेची बस चालवते.
रात्री पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून राज्यं बुडवते.
खेळ नवा असला की पहिला प्रश्न माझा :
तुझं पात्र कुठल्या चौकटीतलं?
उभ्या ओळीत भला, मधला, बुरा.
आडव्या ओळीत नेमस्त, काठावरचा, बेबंद.
तीन त्रिक नऊ.
दहावा माणूस देवानं घडवला असेल,
नियमांच्या पुस्तकात त्याला जागा नाही.

ऑरिन कायम नेमस्त भला.
चिलखत, ढाल, दिलेला शब्द.
वरच्या मजल्यावर हाच माणूस
पाउंडभर खिळ्यांत चार कमी घालतो,
अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

पास्टर मार्लिस हट्टाने नेमस्त बुरी.
"करार पाळणारा सैतान बरा," म्हणते,
"निदान त्यानं करार वाचलेला असतो."
तिच्या रविवारच्या प्रवचनाला मी कधी गेले नाही.
मला बुधवारचं पुरतं.

लव्हॉन भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स :
बारा तास औषधांच्या वेळा, सह्या, मनगटावरचे पट्टे.
इथे ती बेबंद, ना भली ना बुरी.
पूल दिसला की तिला तो पेटवावासा वाटतो.
आम्ही पेटवू देतो.

आणि वेंडेल टॅमिनेन.
धक्क्यावर लोहखनिज भरण्यात जन्म गेला,
आता निवृत्त. वीस वर्षं त्याची एकच चौकट,
शेवटची, खालच्या कोपऱ्यातली : बेबंद बुरा.
त्याचा चोर आंधळ्याच्या वाडग्यातलं नाणं उचलतो
आणि वर खिदळतो.
खेळ संपून आम्ही बाहेर येतो तेव्हा
सगळ्यांच्या गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडलेला असतो.
कधी गेला होतास, विचारलं तर म्हणतो,
सिगारेट ओढायला.
सिगारेट सोडून त्याला अकरा वर्षं झाली.

यंदा ऑरिनची भाची आली, ब्रिटा, सोळा वर्षांची.
चौकटीपाशी तिनं लिहिलं, खोडलं,
लिहिलं, खोडलं,
शेवटी कागदाला तिथे भोक पडलं.
"तुम्ही सगळे बघताय ना," म्हणाली,
"आत्ता काय लिहिणार मी? भलीच लिहीन."

त्या रात्री मी विहिरीत एक पोर टाकलं.
शत्रूचं, हिरव्या कातडीचं, टोकदार कानांचं.
वर अंधार, हातात चाळीस हात दोर.
ऑरिननं राजाचा कायदा आठवला.
मार्लिसनं आधी कागद करू म्हटलं.
लव्हॉन नाणं उडवत बसली.
वेंडेल म्हणाला, "मी दोर सोडतो."

का, मी विचारलं. विचारावंच लागतं मला.
तुझी चौकट बघ.
त्यानं बघितली.
"पोराच्या गळ्यात चांदीची साखळी असेल."
नाहीये, मी म्हटलं.
"असेल."
नाहीये, वेंडेल, विहीर माझी आहे.
"वर काढल्याशिवाय कसं कळणार?"
आणि त्यानं फासा टाकला.

वीस बाजूंचा तो फासा टेबलावरून निसटला,
डब्यांमागे गेला.
ब्रिटा गुडघ्यांवर, मी टॉर्च घेऊन तिच्या मागे.
"अठरा!" ती ओरडली, आणि मूठ मिटली.
मी पाहिलं होतं.
तीन होते.

मी वहीत अठरा लिहिलं.
पोर वर आलं, ओलं, थरथरतं,
गळ्यात काही नव्हतं.
वेंडेलनं अख्ख्या टेबलाला शिव्या घातल्या.

तिचा कागद अजून माझ्याकडेच आहे.
मी तो दिव्यासमोर धरते.
भोकातून पलीकडचं दिसतं :
फासे, पेन्सिली, थंड झालेली कॉफी,
आणि वेंडेलची रिकामी खुर्ची.
सिगारेट ओढायला गेलाय.